विम्याविना वाहन : दोन घरांचे दिवाळे

अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, उपनगरातील पोलीस ठाण्याच्या आवारात किंवा कुंपणालगत गंजत पडलेल्या वाहनांची एक रांग हटकून दिसते. हँडल वाकलेली स्कूटर, काच फुटलेली मोटार, हवा गेलेल्या चाकांवर कलंडलेली रिक्षा. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, चाकांभोवती गवत माजते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सारी केवळ अडगळ वाटू लागते. या अडगळीतील काही वाहने अपघाताच्या गुन्ह्यातील मुद्देमाल असतात. त्यांतील एखाद्याचा विमा उतरविलेला नसेल, तर त्या अपघातात कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाच्या हाती लागण्याजोगी तीच कदाचित एकमेव मालमत्ता असते. दर पावसाळ्यात तिची किंमत घटत जाते आणि तिच्याबरोबर त्या कुटुंबाची आशाही.

वाहनाचा विमा म्हणजे चौकातल्या वाहतूक पोलिसाला दाखविण्याचा एक कागद, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ‘आपण सावकाश चालवितो, आजवर कोणाला धक्का लागला नाही, मग विमा कंपनीची धन का करावी?’ हा युक्तिवाद शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतो. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मधील अहवालात देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याचे नमूद केले. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली. ही दोन विधाने शेजारी-शेजारी ठेवली, की एक साधा प्रश्न उभा राहतो. विमा नसलेल्या वाहनाखाली माणूस गेला तर भरपाई कोणी द्यायची, आणि ती खरोखर हाती पडते काय?

या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे आणि दोन्ही अंगांनी कटू आहे. देणाऱ्यावर कायदा जन्मभर न फिटणारे ऋण लादतो आणि घेणाऱ्याच्या हाती बहुधा कागदच ठेवतो. एक घर मरणाने उद्ध्वस्त होते, दुसरे ऋणाने. आणि दुसऱ्याच्या उद्ध्वस्त होण्याने पहिल्याच्या चुलीवर भात शिजत नाही.

त्रयस्थासाठी केलेला कायदा

आयुर्विमा माणूस स्वतःच्या कुटुंबासाठी उतरवितो. आगीचा विमा स्वतःच्या दुकानासाठी. वाहनाच्या सक्तीच्या विम्याचे तसे नाही. त्याचा लाभार्थी वाहनमालक नसून रस्त्यावरचा कोणीतरी अनोळखी माणूस असतो, आणि म्हणूनच त्याला त्रयस्थ विमा म्हणतात. लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडणारा विद्यार्थी, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या कडेने चालणारी मोलकरीण, स्वामी विवेकानंद मार्गावर सायकलवरून दूध पोहोचविणारा माणूस: यांपैकी कोणाचाही त्या कराराशी संबंध नसतो, पण करार असतो त्यांच्याचसाठी.

ही कल्पना ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने सक्तीची झाली. मोटारी वाढल्या, त्यांच्याखाली सापडणारी माणसे वाढली आणि दिवाणी न्यायालयांतील हुकूमनामे मात्र वसुलीवाचून पडून राहू लागले, तेव्हा तेथील संसदेला सक्तीची गरज पटली. भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. परंतु त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण अमलात येण्यास १ जुलै १९४६ उजाडावा लागला. तरीही पीडिताच्या कुटुंबाला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागे. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली आणि कोर्ट-फी व कज्जेदलालीच्या जाचातून सामान्य माणसाची काही अंशी सुटका झाली.

या वाटचालीत मुंबईचाही एक टप्पा आहे. मुंबईतून गेलेल्या एका अपघात-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्वाळा दिला, की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून मालकावर किंवा विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही. कायद्याच्या चौकटीत तो बरोबर असेल. पण रात्रीच्या अंधारात मेलेल्या माणसाच्या विधवेने साक्षीदार कोठून आणावेत? संसदेला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. १९८२ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. आज ही रक्कम १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. ज्यांनी विमा उतरविलेला नाही, त्यांनी या तरतुदीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही रक्कम देण्याची जबाबदारी कायद्याने ‘मालक किंवा विमा कंपनी’ यांच्यावर टाकली आहे. कंपनी नसेल तेथे मालक उरतो, आणि त्याला ‘चूक माझी नव्हती’ एवढे म्हणून सुटता येत नाही.

भरपाईचे गणित

दोष सिद्ध झाला, तर आकडा कोठे जातो हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मुलुंडच्या एका दुकानात हिशेब लिहिणारा, ३८ वर्षांचा, महिना २०,००० रुपये मिळविणारा एक गृहस्थ. घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. सकाळी तो स्टेशनकडे चालत निघतो आणि एका मोटारसायकलच्या धडकेने दगावतो.

अशा मृत्यूची भरपाई कशी मोजावी, याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मधील दोन निर्णयांनी निश्चित केली आहे. कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. म्हणजे महिना २८,००० रुपये झाले. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे, उरले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. छत्तीस ते चाळीस या वयोगटासाठी गुणक १५. गुणाकार ३७ लाख ८० हजार रुपये. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा वेगळ्याच.

याशिवाय दाव्याच्या तारखेपासून व्याज असते. त्याचा दर न्यायाधिकरण ठरविते. तो साडेसात टक्के धरला आणि निकालाला पाच वर्षे लागली, तर सरळ व्याजानेच १४ लाखांहून अधिक रक्कम वाढते. एकूण बोजा ५२ लाखांच्या घरात जातो. मृत माणूस वीस हजार रुपयांचा नोकर होता, अधिकारी नव्हता, हे येथे विसरू नये. वाहन जुने होते की नवे, स्वस्त होते की महाग, याचाही या हिशेबाशी काडीचा संबंध नाही. भरपाई मोजली जाते ती मेलेल्या माणसाच्या मिळकतीवरून.

आता दुसरा आकडा पाहावा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सी.सी. दुचाकीच्या त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता, कर वगळून, ७१४ रुपये ठरला, हजार सी.सी. पर्यंतच्या खासगी मोटारीचा २,०९४ रुपये. एका मृत्यूची वरील मूळ भरपाई केवळ या दुचाकीच्या हप्त्यांतून उभी करायची म्हटली, तर पाच हजारांहून अधिक वर्षांचे हप्ते लागतील. एकट्याला जे सात जन्मांत साधणार नाही, ते लाखो हप्ते एकत्र आल्याने सहज साधते, हेच विम्याचे सारे मर्म आहे. जो हप्ता भरत नाही तो या सामुदायिक व्यवस्थेबाहेर एकटा उभा असतो, आणि त्याच्या वाहनासमोर येणारा पादचारीही त्याच्याबरोबर आपोआप बाहेर फेकला जातो.

मालक कोण, आणि केव्हापासून

विमा नसण्याचे सगळेच प्रकार उद्दामपणातून येत नाहीत. कित्येक वेळा त्यामागे विसर असतो, तर कधी गैरसमज.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ विमा खरेदीच्या वेळीच घेणे सक्तीचे झाले. हेतू उत्तम होता. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की पाच वर्षे विम्याचे नावही काढावे न लागल्याने मालक तो विषयच विसरतो. या आदेशानंतर घेतलेल्या पहिल्या दुचाकींच्या पंचवार्षिक विम्याची मुदत २०२३ पासून संपू लागली. दर वर्षी नूतनीकरण करण्याची सवय ज्याला कधी लागलीच नाही, त्याच्या लोखंडी कपाटातील तो कागद आज मृत असण्याची शक्यता मोठी आहे.

‘मुदत संपली तर चार दिवसांनी भरू’ हा दुसरा गैरसमज. हप्ता हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे विमा कायद्याचे मूळ तत्त्व आहे. १० डिसेंबर १९९१ रोजी झालेल्या एका अपघाताच्या खटल्यात अपघाताची वेळ दुपारी २ वाजून २० मिनिटांची होती आणि विमा घेतल्याची वेळ त्याच दुपारी २ वाजून ५५ मिनिटांची. सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले. पस्तीस मिनिटांनी मालकाच्या गळ्यात सारा बोजा पडला.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. उपनगरांत जुन्या दुचाकींची खरेदी-विक्री तोंडी व्यवहाराने आणि सह्या केलेल्या कोऱ्या अर्जांवर चालते. वाहन विकले, पैसे घेतले, आता आपला संबंध संपला, असे विकणाऱ्याला वाटते. अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंद मात्र त्याच्याच नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की भरपाईच्या दृष्टीने नोंदपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक. वाहन दरम्यान चार हातांतून गेले असले, तरी जबाबदारी पहिल्या नावावर येते. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरच्या अपघाताची नोटीस एके दिवशी निवृत्त शिक्षकाच्या दारात येते, ती अशी. विमा चालू असता तर वाहनाबरोबर तोही नव्या मालकाकडे गेल्याचे कायद्याने मानले असते. विमाच नसेल तर जाणार काय?

मुलाच्या हट्टापुढे मान तुकविणाऱ्या पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. भरपाईची जबाबदारी त्याहून निराळी.

हुकूमनामा हाती, पैसा नाही

न्यायाधिकरणाने निवाडा दिला. आता पैसे मिळणार, असे मृताच्या पत्नीला वाटते. विमा कंपनी असती तर ती समजूत बहुतांशी बरोबर ठरली असती. चालकाचा परवाना खोटा निघाला, तरी कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दाखविला आहे. पण कंपनीच नसेल तर तिच्यासमोर उरतो तो फक्त मोटारसायकलचा मालक.

कायद्यात वसुलीची साधने आहेत. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवू शकते आणि रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. मुंबई उपनगर जिल्ह्यात हे काम अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या महसूल यंत्रणेकडे येते. शेतसारा वसूल करण्यासाठी घडविलेले हे हत्यार चाळीतल्या भाडेकरूवर चालवायचे, यातला विरोधाभास बोलका आहे. जमीन नाही, घर भाड्याचे, सोने गहाण. जप्त काय करणार?

पगारदार मालक असेल तर पगारावर जप्ती आणता येते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यापैकी दोन तृतीयांश रक्कम संरक्षित आहे, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिन्यांपलीकडे पगार जप्त ठेवता येत नाही. महिना ४०,००० रुपये पगाराच्या कारकुनाकडून या हिशेबाने फार तर महिना १३,००० आणि दोन वर्षांत ३ लाख १२ हजार वसूल होतील. भविष्यनिर्वाह निधीला हात लावता येत नाही. ३७ लाख ८० हजारांच्या निवाड्यापैकी दहावा हिस्साही यातून निघत नाही. प्रामाणिक पण कफल्लक ऋणकोला केवळ पैसे देता येत नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून मालक सुटला, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या नावावर मुलुंडला किंवा बोरिवलीला सदनिका असेल, तर ती जप्तीस पात्र ठरते. बँकेचे गृहकर्ज असेल तर विक्रीच्या पैशावर पहिला हक्क बँकेचा. उरले-सुरले पीडिताचे आणि मालकाच्या वाट्याला रस्ता. मालक मरण पावला तरी दावा मरत नाही, तो त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर चालू राहतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून काही मिळत नाही आणि ज्याने आयुष्यभर काटकसर करून दोन खोल्या जोडल्या, तो मात्र सर्वस्व गमावतो. विम्याच्या अभावी न्यायाचा सारा भार असा नेमका मध्यमवर्गाच्या बचतीवर येऊन कोसळतो.

फौजदारी खटला ही याहून वेगळी वाट. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पूर्वीच्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली सापडून मेले. त्या प्रकरणातील तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. अशी शिक्षा समाजाच्या न्यायबुद्धीचे समाधान करते, आणि तेही आवश्यक आहे. पण आरोपी तुरुंगात गेल्याने मृताच्या मुलांच्या शाळेची फी भरली जात नाही.

दंडाचे अर्थशास्त्र

विम्याविना वाहन चालविण्याबद्दल पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडल्यास ४,००० रुपये दंड, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठेवली आहे. कैद क्वचितच होते. प्रत्यक्षात प्रश्न दंडाचाच उरतो. दुचाकीचा हप्ता वर्षाला ७१४ रुपये. एखादा मालक तीन वर्षांतून एकदाच पकडला गेला, तर त्याने वाचविले २,१४२ आणि भरले २,०००. म्हणजे पकडला जाऊनही तो फायद्यातच राहिला. दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याचा संभव यांचा गुणाकार हप्त्याहून कमी असेल, तर कायदाच कायदा मोडण्यास उत्तेजन देतो. अर्थात या हिशेबात अपघाताची जोखीम धरलेली नाही. पण माणूस ती धरत नाही, हीच तर अडचण आहे. वाचलेले सातशे रुपये त्याच्या खिशात दिसतात. संभाव्य हानी दुसऱ्याच्या घरी असते, म्हणून ती दिसत नाही.

गरीब रिक्षाचालकाला किंवा सामान पोहोचविणाऱ्या तरुणाला हप्ता परवडत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. वाहनावर पोट असलेल्याला हप्ता मासिक तुकड्यांत भरण्याची सोय देता येईल, सवलतही देता येईल. परंतु हप्त्यातून सूट देणे म्हणजे एका गरिबाचा खर्च दुसऱ्या गरिबावर ढकलणे होय. कारण त्याच्या वाहनाखाली सापडणारा माणूसही बहुधा पायी चालणाराच असतो.

पळालेल्या वाहनाचे नशीब बरे

आपल्या व्यवस्थेतील एक विसंगती तर चकित करणारी आहे. धडक देऊन वाहन पळाले आणि त्याची ओळख पटलीच नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला ५०,०००. १९८२ मध्ये हीच रक्कम अनुक्रमे ५,००० व १,००० होती. मोटार वाहन अपघात निधीतून जखमींच्या उपचाराचीही तरतूद आहे, आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात, मग धडक देणाऱ्या वाहनाचा विमा असो वा नसो. ही मोठीच सुधारणा आहे. परंतु मृत्यूच्या भरपाईची निश्चित रक्कम ओळख न पटलेल्या वाहनापुरतीच राहिली. वाहन सापडले, मालक सापडला, विमा मात्र सापडला नाही, तर वारसांच्या हाती मोठ्या आकड्याचा निवाडा येतो आणि निधीचे दार बंद होते. वाहन पळाले असते तर निदान दोन लाख मिळाले असते, असे एखाद्या विधवेला वाटावे, ही कोणत्याही कायद्याला शोभणारी गोष्ट नव्हे.

ब्रिटनने ही अडचण १९४६ मध्येच ओळखली. तेथे विमा कंपन्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. विमा नसलेल्या आणि पळून गेलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांच्या बळींना ते भरपाई देते. पैसा उभा राहतो तो विमाधारकांच्या हप्त्यांतूनच. प्रामाणिक मालकाने अप्रामाणिकाचा भार का उचलावा, असा प्रश्न येथे रास्त आहे. पण तो भार आज पादचाऱ्याचे कुटुंब उचलते, आणि ते अधिक अन्यायाचे आहे.

कुर्ल्यात ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टसाठी धावणारी बस गर्दीत घुसून अनेकांचे बळी गेले, तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. ती मदत योग्यच होती. पण त्याच उपनगरातील एखाद्या गल्लीत विमा नसलेल्या मोटारसायकलखाली मेलेल्या एकट्या माणसासाठी कोणताही मंत्री घोषणा करीत नाही. मदत अपघाताच्या आकारावर आणि वर्तमानपत्रातील मथळ्यावर अवलंबून असता कामा नये. कायद्याने सरकारी व राज्य परिवहनाच्या वाहनांना विम्यातून सूट देण्याची मुभा ठेवली आहे, पण भरपाईसाठी स्वतंत्र निधी राखण्याच्या अटीवर. यातले तत्त्व उघड आहे: रस्त्यावर वाहन आणायचे तर मागे विमा हवा किंवा निधी हवा. खासगी मालक हप्ता चुकवितो तेव्हा तो निधीवाचून स्वतःच स्वतःला सूट देऊन मोकळा होतो.

काय करता येईल

पहिला उपाय पोलीस ठाण्याच्या त्या आवारातच आहे. दिल्लीच्या नियमांत अशी तरतूद होती, की विमा नसलेले वाहन अपघातात सापडल्यास मालकाने भरपाईपोटी पुरेशी हमी दिल्याखेरीज ते सोडू नये. तीन महिन्यांत हमी न आल्यास त्याचा लिलाव करावा आणि रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये अशीच तरतूद करण्यास सर्व राज्यांना सांगितले. जुन्या स्कूटरच्या लिलावातून फारसे मिळणार नाही हे खरे. पण मोटारीतून काही लाख येऊ शकतात. शिवाय वाहन परत मिळणार नाही ही भीती दोन हजारांच्या दंडाहून कितीतरी प्रभावी असते. नियम कागदावर असणे पुरेसे नाही. किती वाहने हमीवर सुटली, किती लिलावात गेली आणि किती गंजत राहिली, याचा हिशेब प्रत्येक ठाण्याकडून दरवर्षी घेतला गेला पाहिजे.

दुसरा उपाय निधीची व्याप्ती वाढविण्याचा. ओळख न पटलेल्या वाहनाच्या बळीला जे मिळते, निदान तेवढे तरी विमा नसलेल्या वाहनाच्या बळीला तत्काळ मिळावे, आणि ती रक्कम नंतर निधीने मालकाकडून वसूल करावी. वसुलीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालण्याची ताकद सरकारी निधीला आहे. मुलाचे बोट धरून न्यायाधिकरणात येणाऱ्या बाईला ती नाही.

तिसरा उपाय वेळेवर आठवण देण्याचा. वाहनांच्या नोंदी आणि विम्याच्या नोंदी आज दोन्ही संगणकावर आहेत. मुदत संपण्याआधी मालकाला सूचना आणि संपल्यानंतर थोड्याच दिवसांत आपोआप दंड, असे झाले तर पकडले जाण्याचा संभव वाढेल आणि वर मांडलेला दंडाचा हिशेब उलटा होईल. विसराळू माणसाला यातून संरक्षण मिळेल आणि निर्ढावलेल्याला धाक बसेल.

सरकारने हे करावे तेव्हा करावे. तोवर प्रत्येक वाहनमालकाच्या हाती दोन गोष्टी आहेत. आज संध्याकाळी घरी गेल्यावर कपाटातला विम्याचा कागद काढून मुदतीची तारीख पाहणे, आणि विकलेल्या वाहनाच्या नोंदीवरून आपले नाव खरोखरच गेले आहे काय, याची खात्री करणे. यांपैकी पहिल्या कामाला पाच मिनिटे लागतात, दुसऱ्याला फार तर परिवहन कार्यालयाचा एक हेलपाटा. ज्यांनी ही पाच मिनिटे दिली नाहीत, त्यांची वाहने पोलीस ठाण्याच्या कुंपणालगत पावसात उभी आहेत. आणि त्या प्रत्येक वाहनामागे, शहराच्या दोन निरनिराळ्या टोकांना, दोन घरे न्यायाधिकरणाच्या पुढच्या तारखेची वाट पाहत आहेत.